दिसणे आणि असणे : सूक्ष्मदर्शकाच्या इतिहासातील एक प्रश्न

सूक्ष्मदर्शकाचा इतिहास सामान्यतः विवर्धनाच्या वाढत्या आकड्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रथम तीसपट, मग दोनशेपट, पुढे हजारपट आणि अखेरीस लक्षावधीपट, अशी ही चढती श्रेणी असते व तिच्या प्रत्येक पायरीवर एखाद्या संशोधकाचे नाव कोरलेले असते. ही मांडणी सोयीची आहे, पण पुरेशी नाही. केवळ प्रतिमा मोठी करणे ही गोष्ट कधीच फारशी अवघड नव्हती. अस्पष्ट प्रतिमा कितीही मोठी केली तरी ती मोठी अस्पष्ट प्रतिमाच राहते. खरा प्रश्न निराळा होता. यंत्रातून जे दिसते ते वस्तूमध्ये आहे की यंत्राने निर्माण केलेले आहे, हे कोणत्या आधारावर ठरवावयाचे? सूक्ष्मदर्शकाचे निरनिराळे प्रकार हे या एका प्रश्नाला निरनिराळ्या काळी दिलेली उत्तरे होत, असे म्हणावयास हरकत नाही. त्या दृष्टीने या इतिहासातील काही प्रमुख टप्प्यांचा विचार येथे केला आहे.

१

यंत्राच्या नावापासूनच प्रारंभ करणे उचित होईल. १६२४ मध्ये गॅलिलिओने फेडेरिको चेसी याच्याकडे एक लहान उपकरण पाठविले. त्याने त्यास ‘ओक्कियालीनो’, म्हणजे ‘छोटी ऐनक’, असे घरगुती नाव दिले होते. पुढील वर्षी चेसीच्या ‘आकादेमिया देई लिंचेई’ या विद्वत्सभेचा एक सदस्य जोव्हान्नी फाबेर याने ‘टेलिस्कोपिओ’ या तेव्हा नव्याच असलेल्या शब्दाच्या धर्तीवर ‘मायक्रोस्कोपिओ’ हा शब्द घडविला. ‘मिक्रोस’ म्हणजे लहान आणि ‘स्कोपेइन’ म्हणजे लक्षपूर्वक पाहणे, या दोन ग्रीक पदांचा हा संयोग आहे. ग्रीक धातूमध्ये भर पाहणाऱ्यावर आहे. मराठीतील ‘सूक्ष्मदर्शक’ या शब्दात मात्र एक मार्मिक द्व्यर्थ आला आहे. संस्कृतात ‘दर्शक’ म्हणजे पाहणारा आणि ‘दर्शक’ म्हणजे दाखविणाराही. यंत्र पाहण्यास साह्य करते की स्वतःच काही दाखविते, हा जो या विषयातील मूळ वाद, तो मराठी नावातच अभावितपणे साठविला गेला आहे.

रॉबर्ट हुक याचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ १६६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या आश्रयाने प्रसिद्ध झाला. हुकचे यंत्र संयुक्त प्रकारचे होते. त्यात वस्तूजवळचे भिंग, म्हणजे वस्तुभिंग, वस्तूची वाढविलेली प्रतिमा नळीच्या आत निर्माण करते आणि डोळ्याजवळचे नेत्रभिंग ती प्रतिमा पुन्हा मोठी करून दाखविते. दिव्याचा प्रकाश पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यातून एकवटून वस्तूवर पाडण्याची युक्तीही त्याने वापरली होती. बुचाच्या पातळ कापात त्याला मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. एका घन इंचात असे १२० कोटींहून अधिक कप्पे असावेत, असा हिशेब त्याने मांडला. या कप्प्यांना त्याने दिलेली ‘सेल’ ही संज्ञा ‘लहान खोली’ या अर्थाच्या लॅटिन ‘केल्ला’ शब्दावरून आलेली आहे.

वस्तुतः हुकने पाहिली ती मृत वनस्पतिभागातील केवळ भिंतींची जाळी होती. खोलीत राहणारे केव्हाच निघून गेले होते. म्हणजे जीवशास्त्रातील सर्वांत महत्त्वाची संज्ञा एका रिकामपणाला दिलेले नाव म्हणून जन्मास आली. मराठीने यासाठी स्वीकारलेल्या ‘पेशी’ या शब्दाची परंपरा नेमकी उलट आहे. तो आयुर्वेदातील मांसाच्या पुंजक्याचा वाचक असून त्यात भरीवपणाची कल्पना आहे. संज्ञा चुकीच्या निरीक्षणातून आली तरी वस्तू खरी असल्यास ती टिकते, याचे हे एक उदाहरण होय. याच्या उलट प्रकारची उदाहरणे पुढे येणार आहेत.

हुकला या अडचणीची जाणीव नव्हती असे मात्र नाही. सूक्ष्मदर्शकाखाली उंचवटा कोणता व खळगा कोणता, सावली कोणती व काळा डाग कोणता, हे ओळखणे अत्यंत कठीण असते, असे त्याने प्रस्तावनेतच नमूद केले. माशीचा डोळा एका प्रकाशात छिद्रे पाडलेल्या जाळीसारखा दिसतो, तर उन्हात सोनेरी खिळे ठोकलेल्या पृष्ठभागासारखा. म्हणून एकच वस्तू अनेक प्रकाशांत व अनेक बाजूंनी पाहिल्याखेरीज तिचे चित्र काढावयाचे नाही, असा दंडक त्याने स्वतःला घालून घेतला. प्रतिमेची परीक्षा करण्याची ही पहिली जाणीवपूर्वक पद्धती होय.

२

हुकच्या ग्रंथानंतर दहा-बारा वर्षांतच डेल्फ्ट येथील आंतोनी व्हान लेव्हेनहुक (१६३२-१७२३) या कापडाच्या व्यापाऱ्याने त्याहून फार पुढची मजल गाठली, आणि तीही अधिक साध्या साधनाने. त्याच्या उपकरणात एकच भिंग होते. धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये बसविलेला एक सूक्ष्म काचमणी आणि वस्तू धरण्यासाठी स्क्रूवर बसविलेली एक सुई, एवढाच त्याचा सरंजाम. भिंग जितके लहान व अधिक वक्र, तितके विवर्धन अधिक. मात्र ते डोळ्याला जवळजवळ चिकटवून धरावे लागते. उट्रेख्ट येथे जतन केलेल्या त्याच्या एका भिंगाचे विवर्धन सुमारे २६६ पट भरते.

एकभिंगी उपकरण संयुक्त यंत्राहून सरस ठरावे, यात वरवर पाहता विसंगती वाटते. तिचे कारण भिंगांच्या दोषांत आहे. काचेतून जाताना निळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक वळतो, त्यामुळे प्रतिमेच्या कडांना रंगीत झालर येते. यास वर्णविपथन म्हणतात. तसेच भिंगाच्या कडेने जाणारे किरण मध्यातून जाणाऱ्या किरणांच्या बिंदूपाशी एकत्र येत नाहीत, हे गोलीय विपथन होय. संयुक्त यंत्रात वस्तुभिंगाचे दोष नेत्रभिंग आणखी मोठे करून दाखविते. एका भिंगात ते एकदाच घडतात.

आपल्या भिंगांची कृती लेव्हेनहुकने अखेरपर्यंत गुप्त ठेवली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूट्रॉन-चित्रणावरून असे दिसून आले की, उट्रेख्टचे ते भिंग घासून तयार केलेले नसून वितळलेल्या काचेचा मणी आहे. अशा मण्यांची कृती हुकने पूर्वीच प्रसिद्ध केलेली होती. स्वतः हुकला मात्र एवढ्या लहान भिंगातून पाहणे डोळ्यांना त्रासदायक वाटत असे.

१६७६ च्या ऑक्टोबरमध्ये लेव्हेनहुकने रॉयल सोसायटीस एक दीर्घ पत्र पाठवून पाण्यात असंख्य सूक्ष्म जीव आढळल्याचे कळविले. त्याला लॅटिन येत नसे. पत्र डच भाषेत होते, व त्यातील ‘लहान प्राणी’ या अर्थाच्या साध्या बोलीतील शब्दाचे इंग्रजी भाषांतरात ‘ॲनिमलक्यूल’ असे भारदस्त लॅटिन रूप झाले. परंतु शब्दाला प्रतिष्ठा मिळाली म्हणून वस्तूला मिळते असे नाही. लेव्हेनहुकला धर्मोपदेशकादी प्रतिष्ठित नागरिकांच्या साक्षी पाठवाव्या लागल्या. अखेरीस नोव्हेंबर १६७७ मध्ये हुकने सोसायटीच्या सभेत ते जीव स्वतःच्या साधनांनी दाखविले, तेव्हाच संशय फिटला. ज्या यंत्राची कृती कोणास ठाऊक नाही, त्यातून एकट्यालाच दिसलेली वस्तू शास्त्राच्या दृष्टीने अर्धवटच अस्तित्वात असते. दुसऱ्याने दुसऱ्या यंत्राने तीच वस्तू पाहणे ही तिची खरी नोंदणी होय. सूक्ष्मदर्शनाच्या इतिहासात हे तत्त्व वारंवार प्रत्ययास येते.

३

अठराव्या शतकात यंत्रांची बाह्य शोभा वाढली, परंतु भिंगांचे दोष कायम राहिले. जॉन डॉलंडने १७५८ मध्ये दोन प्रकारच्या काचा जोडून वर्णदोषरहित भिंगाचे पेटंट घेतले, तरी त्याचा लाभ प्रामुख्याने दुर्बिणींना झाला. सूक्ष्मदर्शकाची लहान भिंगे या पद्धतीने बनविणे फार कठीण होते. त्याचे परिणाम केवळ गैरसोयीचे नव्हते. १८२३ मध्ये आंरी मिल्न-एद्वार्स या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले की, सर्व प्राण्यांच्या ऊती एका मिलिमीटरच्या तीनशेव्या भागाएवढ्या सारख्याच गोलकांच्या बनलेल्या आहेत. सर्व सजीव सृष्टीचा एकच मूलघटक सापडल्याचा हा दावा होता व तो अनेकांना पटलाही.

लंडनमधील मद्यव्यापारी जोसेफ जॅक्सन लिस्टर याने फावल्या वेळात भिंगांचा अभ्यास केला होता. दोन वर्णदोषरहित जोडभिंगे परस्परांपासून ठराविक अंतरावर ठेवली असता गोलीय विपथनही नाहीसे करता येते, हे त्याने शोधून काढले व १८३० मध्ये प्रसिद्ध केले. तत्पूर्वी १८२७ मध्ये, टॉमस हॉज्किन या वैद्याच्या सहकार्याने, त्याने सुधारलेल्या यंत्रातून स्नायू, मज्जातंतू व रक्त तपासले. ते सार्वत्रिक गोलक कोठेच नव्हते. रक्तातील तांबड्या पेशीही गोल नसून दोन्ही बाजूंनी खोलगट चकत्यांसारख्या दिसल्या. सदोष भिंगातून पाहिलेल्या बारीक कणांभोवती जी वर्तुळाकार प्रकाशवलये उमटतात, त्यांनाच ‘गोलक’ हे नाव मिळाले होते.

येथे हुकच्या ‘सेल’ची बरोबर उलट बाजू दिसते. तेथे नाव सदोष होते पण वस्तू होती; येथे नाव नेटके होते, सिद्धांत आकर्षक होता, परंतु वस्तूच नव्हती. दोष दूर होताच गोलक नाहीसे झाले आणि मागे उरले ते खरोखरीचे भेद. रॉबर्ट ब्राउनने १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींतील केंद्रकाकडे लक्ष वेधले, आणि श्लाइडेन (१८३८) व श्वान (१८३९) यांनी पेशीसिद्धांत मांडला.

४

भिंगांचे दोष काढून टाकीत गेल्यास सूक्ष्मदर्शनाला अंत राहणार नाही, अशी अपेक्षा यानंतर स्वाभाविक होती. ती एर्न्स्ट आब्बे या येना येथील भौतिकीच्या प्राध्यापकाने १८७३ मध्ये मोडून काढली. कार्ल त्साइस यांच्या कारखान्यात भिंगे अनुभवाच्या अंदाजाने घडविण्याऐवजी गणिताने घडवावीत, या हेतूने त्याने संशोधन आरंभिले आणि त्यातून प्रतिमेच्या स्वरूपाविषयीच एक नवी उपपत्ती निष्पन्न झाली.

तिचे सार असे. वस्तूतील बारीक रचनेवर प्रकाश पडला म्हणजे त्याचे विवर्तन होते. तो सरळ न जाता काही ठराविक कोनांत विखुरला जातो. रचना जितकी बारीक, तितका हा कोन मोठा. भिंगाने सरळ जाणाऱ्या प्रकाशाबरोबर किमान पहिला विवर्तित झोतही गोळा केला, तरच त्या दोहोंच्या व्यतिकरणातून ती रचना प्रतिमेत उमटते. झोत भिंगाबाहेर गेला, तर रचना प्रतिमेतून नाहीशी होते, मग भिंग कितीही निर्दोष असो. यावरून दोन बिंदू अलग दिसण्यासाठी लागणारे किमान अंतर हे तरंगलांबीला भिंगाच्या प्रकाशग्रहणशक्तीच्या दुपटीने भागून मिळते. या शक्तीस आब्बेने ‘न्यूमरिकल ॲपर्चर’ अशी संज्ञा दिली. ५५० नॅनोमीटर लांबीचा हिरवा प्रकाश व १.४ ॲपर्चर घेतल्यास हे अंतर सुमारे २०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पाच-हजारावा भाग, येते. भिंग व काचपट्टी यांच्यामधील हवेऐवजी तेलाचा थेंब घातल्याने अधिक मोठ्या कोनातील प्रकाश गोळा होतो. १८७८ पासून अशी तैलभिंगे उपलब्ध झाली आणि आब्बेच्या संघनकासह रॉबर्ट कॉखला जंतूंच्या शोधात ती बहुमोल ठरली. त्याने २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले.

आब्बेचे एक प्रात्यक्षिक प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. त्याने समांतर रेषांची जाळी वस्तू म्हणून घेतली व भिंगामागे अडसर ठेवून काही निवडक विवर्तित झोत अडविले. वस्तूत कोणताही बदल केला नसताना प्रतिमेतील रेषांची संख्या दुप्पट दिसू लागली. म्हणजे निर्दोष भिंगातूनही वस्तूत नसलेली रचना स्पष्ट व रेखीव दिसू शकते. लिस्टरच्या काळी अस्पष्टता ही फसवणुकीची खूण होती. आब्बेनंतर स्पष्टता हीदेखील सत्याची हमी राहिली नाही.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी ‘आढळणे’ व ‘अलग दिसणे’ यांतील भेद एका नव्या साधनाने अधोरेखित केला. झीडेनटॉप्फ व झिग्मोंडी यांच्या अतिसूक्ष्मदर्शकात प्रकाशाचा तीव्र झोत बाजूने सोडला जात असे व काळ्या पार्श्वभूमीवर केवळ विखुरलेला प्रकाश पाहिला जात असे. अंधाऱ्या खोलीतील कवडशात धूळ चमकावी, तसे माणिककाचेतील सुवर्णकण त्यात चमकले. हे कण आब्बेच्या मर्यादेहून कितीतरी लहान होते. ते आहेत हे कळत होते, त्यांची गणनाही होत होती. त्यांचा आकार मात्र दिसत नव्हता.

याहून निराळी अडचण जिवंत पेशींची. त्या जवळजवळ पारदर्शक असतात आणि रंग दिल्यास बहुधा मरतात. पेशीतून जाताना प्रकाश फारसा शोषला जात नाही, पण त्याचे तरंग किंचित मागे पडतात. कलेतील हा फरक डोळ्याला जाणवत नाही. ग्रोनिंगन येथील फ्रिट्स झेर्निके याने विवर्तनजाळ्यांवरील कामातून १९३० च्या सुमारास असा मार्ग काढला की, सरळ प्रकाश एका पातळ पट्टीतून नेऊन त्यास विवर्तित प्रकाशाच्या तुलनेत पाव तरंगाने मागे वा पुढे सरकवावे. मग दोहोंच्या व्यतिकरणाने कलाभेदाचे रूपांतर उजेड-अंधारात होते. १९३२ मध्ये येना येथे या शोधाचे फारसे स्वागत झाले नाही, परंतु १९५३ मध्ये झेर्निकेला त्यासाठीच नोबेल पारितोषिक मिळाले. याही साधनाला स्वतःची लकब आहे. वस्तूच्या कडेभोवती ते तेजोवलय निर्माण करते, व ते वलय पेशीचा भाग नव्हे हे अभ्यासकाला शिकावे लागते.

५

तरंगलांबीचा अडसर दूर करण्याचा एक मार्ग म्हणजे प्रकाशच बदलणे. चुंबकीय वेटोळे इलेक्ट्रॉनांच्या झोतावर भिंगासारखे कार्य करते, हे हान्स बुशने १९२६ मध्ये दाखविले होते. माक्स क्नोल व एर्न्स्ट रुस्का यांनी बर्लिन येथे १९३१ मध्ये पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभारला, आणि १९३३ मध्ये रुस्काच्या यंत्राने प्रकाशीय यंत्राची मर्यादा ओलांडली. इलेक्ट्रॉनांनाही तरंगलांबी असते, हे द ब्रॉग्लीचे प्रतिपादन रुस्काच्या कानी आले तेव्हा तो प्रथम निराश झाला. परंतु गणित केल्यावर ती लांबी इतकी अल्प निघाली की, अडथळ्याऐवजी तेच आश्वासन ठरले. एक लक्ष व्होल्टला ती नॅनोमीटरच्या सुमारे दोनशे-सत्तराव्या भागाएवढी असते. १९३९ मध्ये तंबाखूच्या मोझाइक रोगाचा विषाणू या यंत्राने प्रथम दृष्टिपथात आला.

या शक्तीचे मोल मोठे होते. इलेक्ट्रॉन हवेत फार दूर जाऊ शकत नाहीत, म्हणून वस्तू निर्वातात ठेवावी लागते. ती अत्यंत पातळ कापावी लागते. त्यापूर्वी रसायनांनी स्थिर करून वाळवावी लागते. पाहिली जाते ती पेशी नव्हे, पेशीवर केलेल्या संस्कारांचा परिणाम. जिवाणूंच्या आवरणाला आत वळलेल्या वळ्या अनेकांना दिसल्या व १९६० मध्ये त्यांना ‘मेसोसोम’ हे नाव मिळाले. श्वसन, पेशीविभाजन इत्यादी कार्येही त्यांच्याकडे सोपविण्यात आली. पुढे १९७० नंतर रसायनांऐवजी अतिशीघ्र गोठवून तयार केलेल्या नमुन्यांत त्या वळ्या आढळेनात. त्या रासायनिक संस्कारानेच उत्पन्न होत असल्याचे निष्पन्न झाले. गोलकांची कथा दीडशे वर्षांनी पुन्हा घडली. फरक इतकाच की, या वेळी दोष भिंगात नसून वस्तूच्या तयारीत होता. दोन्ही प्रसंगी नावामुळे वस्तूला एक प्रकारचे उसने अस्तित्व लाभले. एकदा नाव पडले म्हणजे अभ्यासक ‘आहे काय’ असे विचारावयाचे सोडून ‘काय करते’ असे विचारू लागतो.

याच विचारातून पुढे पाण्यासह क्षणार्धात गोठविलेल्या नमुन्यांच्या शीत-इलेक्ट्रॉन पद्धतीचा विकास झाला. दुबोशे, फ्रँक व हेंडरसन यांना त्यासाठी २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

६

१९८१ मध्ये झ्युरिकजवळ बिनिग व रोरर यांनी जे यंत्र सिद्ध केले, त्यात भिंगही नाही आणि झोतही नाही. अतिशय अणकुचीदार सुई विद्युत्वाहक पृष्ठभागापासून नॅनोमीटरहूनही कमी अंतरावर आणली असता, स्पर्श न होताच पुंजयामिकीच्या नियमानुसार त्यांमधून सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहतो. अंतर अणूच्या व्यासाहून कमी प्रमाणात बदलले तरी हा प्रवाह अनेक पटींनी बदलतो. म्हणून प्रवाह स्थिर ठेवीत सुई पृष्ठभागावरून फिरविली म्हणजे तिच्या चढउतारांतून अणूंची मांडणी कळून येते. हे पाहणे नव्हे, आंधळ्याने काठीने वाट चाचपण्यासारखे आहे. १९८६ च्या नोबेल पारितोषिकात रुस्काबरोबर या दोघांचा वाटा होता, म्हणजे दृष्टी आणि स्पर्श यांचा गौरव एकाच वेळी झाला. त्याच वर्षी अणुबल-सूक्ष्मदर्शकाची माहिती प्रसिद्ध झाली. त्यात प्रवाहाऐवजी सुई व पृष्ठभाग यांमधील बल मोजले जात असल्याने वस्तू विद्युत्वाहक असण्याची अट उरली नाही.

आब्बेची मर्यादा दृश्य प्रकाशातही चुकविता येते, हे तर याहून अनपेक्षित होते. श्टेफान हेल याने १९९४ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत एक झोत अनुस्फुरणशील रेणूंना चमकवितो व त्याभोवतीचा कड्याच्या आकाराचा दुसरा झोत कडेच्या रेणूंना विझवितो. चमकणारे क्षेत्र त्यामुळे २०० नॅनोमीटरहून पुष्कळ लहान होते. एरिक बेट्झिग याने २००६ मध्ये अवलंबिलेल्या मार्गात रेणू एकाच वेळी न उजळता थोडेथोडे उजळविले जातात. एकटा रेणू ठिपक्याएवढा पसरट दिसला तरी त्या ठिपक्याचे केंद्र अचूक काढता येते, आणि अशा सहस्रावधी केंद्रांतून चित्र जुळविले जाते. हेल, बेट्झिग व मोर्नर यांना २०१४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. येथे आब्बेचा नियम खोटा ठरला नाही. सर्व बिंदू एकाच वेळी उजळलेले असतात, हे त्यामागील गृहीत तेवढे बाजूस सारले गेले.

या आढाव्यावरून तीन गोष्टी ध्यानात येतात. सूक्ष्मदर्शकाच्या प्रत्येक प्रकाराने दृश्याबरोबर स्वतःचा एक आभासही आणला: रंगीत झालर, गोलक, दुप्पट रेषा, तेजोवलय, आवरणाच्या वळ्या. यांपैकी एकही आभास केवळ अधिक विवर्धनाने उघडा पडला नाही. तो उघडा पडला तो भिन्न तत्त्वावर चालणाऱ्या दुसऱ्या साधनाने, भिन्न रीतीने तयार केलेल्या दुसऱ्या नमुन्याने, अथवा प्रतिमा कशी घडते याच्या अधिक चांगल्या ज्ञानाने. आणि प्रत्येक वेळी त्याच्या उलगड्यास सर्वांत अधिक विलंब लावला तो आधीच पडून गेलेल्या नावाने.

माशीचा डोळा दोन प्रकाशांत दोन तऱ्हांचा दिसल्यावर हुकने लेखणी उचलण्यापूर्वी तो तिसऱ्या प्रकाशात धरून पाहिला. सुमारे साडेतीनशे वर्षांत साधने ओळखू येणार नाहीत इतकी पालटली. ही रीत मात्र जुनी झालेली नाही.